मला रफू करू नका

मी एक लाल सदरा बोलतोय. रोमन शिपायाचा सदरा. रोम कुठं आणि बीड कुठं, असं तुम्ही म्हणणारच. म्हणा बापडे. मला कुणी विचारून थोडंच शिवलंय? सध्या माझा मुक्काम बीडच्या कोर्टात, मुद्देमालाच्या खोलीत आहे. खाकी कागदात गुंडाळून वर लाखेचा शिक्का मारलाय. शेजारी एक कुऱ्हाड पडलेली असते, पण ती काही बोलत नाही. मी मात्र गप्प बसणाऱ्यातला नाही.

जन्मापासून मी मारच खात आलोय. मूळचा मी पांढरा, जाडाभरडा मांजरपाट. बीडमध्ये हजराबी नावाची म्हातारी शिवणकाम आणि रफू करायची, तिनं मला आणलं. आणलं म्हणजे काय, उकळत्या लाल रंगात बुडवलं, दांडक्यानं ढोसलं, पिळून काढलं आणि उन्हात टांगलं. वाळतो न वाळतो तोच कात्री चालवली. ज्याला लढाईला जायचंय त्याचा जन्म असाच व्हायचा, अशी मी माझी समजूत घातली.

ही सगळी हौस ऋतुजाची. ती पुण्याला शिकायला होती, तिथं तिनं हा खेळ पाहिला. नाटकच म्हणा, पण पाठ केलेले संवाद नाहीत, पडदा नाही. सकाळी एकदा कपडे चढवले की संध्याकाळपर्यंत तुम्ही रोमन. पाणी पितानाही रोमन आणि भांडतानाही रोमन. तलवारी पाइपावर फोम गुंडाळून केलेल्या. बीडला परत आल्यावर तिनं पोरापोरींचा गट जमवला आणि कपड्यांची चित्रं घेऊन हजराबीच्या दुकानात आली. बरोबर राम होता. तो नेकनूरचा, पोलीस भरतीच्या तयारीसाठी बीडला खोली करून राहायचा, दुकानाच्या अगदी समोर. मी त्याच्याच मापाचा.

चित्र बघून हजराबीनं हातातली कात्री खाली ठेवली. "दोन चौकोनी तुकडे, मधी डोक्यापुरती चीर. ना बाही, ना कॉलर. ऋतुजा, हे तर कफनासारखं दिसतंय, बाई. आमी मुडद्याला असंच घालतो. जित्या पोराला मी हे शिवू?"

"खाला, दोन हजार वर्षांपूर्वी तिकडं सगळे हेच घालायचे," ऋतुजा म्हणाली.

"मंग? गेलेच की सगळे."

राम पोट धरून हसला. हजराबी हसली नाही. शेवटी तिनंच तोड काढली. कफनाला टाके नसतात, म्हणून माझ्या दोन्ही कडांना तिनं दुहेरी शिलाई मारली, आणि ती मारताना ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. सुई इतक्या जोरानं टोचत होती की मी कळवळलो. पण त्या शिलाईचा मला आजही अभिमान आहे. एवढं सगळं झालं तरी तिचा एक टाका सुटलेला नाही.

आता माझ्या पट्टीबद्दल सांगतो. नीट ऐका, कारण सगळा खटला तिच्यावर उभा आहे. खेळात ज्याला तलवार लागली तो मेला. पण धुळीत कोण मेलंय हे दिसत नाही आणि पडलेल्या पोरांना उगाच फटके बसतात. म्हणून ऋतुजानं नियम केला. मेलेल्यानं पालथं झोपायचं, सदऱ्याचा पाठीमागचा घेर उचलायचा आणि डोक्यावरून घ्यायचा. घेराच्या आतून हातभर रुंद पट्टी लावायची, म्हणजे घेर उलटला की पट्टी वर येईल आणि लांबूनही दिसेल. पट्टी दिसली की त्या माणसाला हात लावायचा नाही. मेलेल्यानंही तोंड उघडायचं नाही, शिट्टी होईपर्यंत पडून राहायचं.

ऋतुजाला पट्टी पांढरी हवी होती. "पांढरी मी लावणार न्हाई," हजराबीनं साफ सांगितलं. "हळदीची पिवळी लावते. पोराचं लगीन व्हायचंय अजून." आणि तिनं पिवळीच लावली.

खेळ नेकनूरजवळच्या एका पडीक रानात व्हायचा. रान गटातल्याच विजयसिंहाच्या वडिलांचं. वडील पुढारी, गाड्यांचा ताफा, मागंपुढं माणसं. त्यामुळं विजयसिंह कायमचा सेनापती. त्याला कुणी मारायचंच नाही, असा न लिहिलेला नियम होता. कुणी समोर आलं तर तलवार हलकेच फिरवायचं आणि आपणच पडायचं. आमच्या रामाला हे कोण सांगणार? तो पहिल्यांदाच आला होता आणि त्याला खेळ म्हणजे खेळ वाटत होता.

काय ती लढाई! ढालीवर ढाली आपटत होत्या, कोपरं फुटत होती, पोरं ढेकळांत लोळत होती. रामाचा घाम माझ्यातून निथळत होता. मला खोटं बोलायचं नाही, मला मजा येत होती. तेवढ्यात विजयसिंह समोर आला आणि रामानं त्याच्या छातीवर सणसणीत फटका ठेवून दिला.

विजयसिंह तसाच उभा राहिला. बांधावर गावातली माणसं बघायला बसली होती. ऋतुजा ओरडली, "सेनापती मेले. झोपा."

"मला न्हाई लागली."

"लागली. सगळ्यांनी बघितलं. नियम सगळ्यांना सारखा."

शेवटी तो पालथा झोपला आणि घेर डोक्यावर घेतला. सेनापतीची पिवळी पट्टी वर आली आणि खाली पट्ट्यापट्ट्याची चड्डी दिसली. बांधावरची माणसं खदाखदा हसली. त्यांच्यात त्याच्या वडिलांची माणसंही होती. राम हसला नाही, हे मी शपथेवर सांगतो. उलट शिट्टी झाल्यावर त्यानं हात पुढं केला. विजयसिंहानं तो झिडकारला.

पुढच्या खेळाला विजयसिंहाची तलवार जरा जड दिसत होती. फोम तोच होता, आत मात्र पाइप नव्हता. आत गुप्ती होती, धार लावलेली. कुणाला कळणार?

त्या दिवशी धूळ लई होती. रामाला दुसऱ्याच एका पोराची तलवार खांद्याला चाटून गेली. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण रामाच्या अंगात लबाडी नाही. तो गुमान पालथा झोपला, हात मागं नेऊन माझा घेर उचलला आणि डोक्यावर घेतला. माझी पिवळी पट्टी त्याच्या पाठीवर आली. आतल्या अंधारात तो धापा टाकत होता आणि गालातल्या गालात हसत होता.

मग पावलं आली. ती आमच्यापाशी थांबली. फोम टराटरा फाडल्याचा आवाज आला.

पहिल्यांदा पट्टी फाटली. मग घेर फाटला, मग माझी पाठ, आणि मग राम. पातं आत गेलं, वळलं आणि बाहेर आलं. मी कापड आहे, मला कापून घ्यायची सवय आहे. पण माणूस कापला जाताना मी पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकला. गरम रक्त माझ्यात भरत गेलं आणि मी आधीच लाल, त्यामुळं कुणाला काही दिसेना. राम ओरडलाच नाही. त्यानं घेराची कड दातात धरली आणि पडून राहिला. का तर म्हणे मेलेल्यानं बोलायचं नसतं. अरे पोरा! मला तोंड असतं तर मी सगळं रान डोक्यावर घेतलं असतं.

शिट्टी झाली. सगळे उठले, धूळ झटकायला लागले. राम उठला नाही. ऋतुजानं हसत हसत घेर खाली ओढला आणि तिचा हात ओला झाला.

बीडच्या दवाखान्यात मला छातीवरून उभं कापून काढलं. फुप्फुस फाटलं होतं. राम वाचला, पण बरेच दिवस त्याला बोलता येत नव्हतं. तोवर विजयसिंहाची गोष्ट सगळीकडं झाली. धुमश्चक्रीत उभे होतो, राम गर्रकन वळला, शोभेची गुप्ती चुकून लागली. खेळातल्या पोरांनीही खाली मान घालून तसंच सांगितलं. ऋतुजाची त्या वेळी पाठ होती; वार लागल्यावरच तो घेर घेऊन पडला, असं तिलाही वाटलं. अपघात म्हणून नोंद झाली आणि कपडे कुणी मागितलेच नाहीत. पुढं राम बोलायला लागला तेव्हा विजयसिंहाचा ड्रायव्हर त्रिंबक खाटेजवळ येऊन बसला. "तुझी माय नेकनुरात एकटीच ऱ्हाती ना बे?" एवढंच बोलला. त्यानंतर रामाला कुणीही विचारलं की तो म्हणायचा, मला काही आठवत नाही.

रामाची आई, वच्छलाबाई, मला पिशवीत घालून हजराबीकडं घेऊन आली. रक्त तिनं धुतलं होतं, तरी डाग होताच. "लेकरानं लई हौसेनं शिवून घेतला व्हता, भाभी. फाटका घरात ठिववत न्हाई. रफू करून द्या." तिच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. एका आईनं आपल्या हातानं पुरावा बुजवायला आणला होता.

हजराबीनं मला मांडीवर घेतलं. दोन भोकं दिसली. एक पाठीत वर, एक पार खाली पिवळ्या पट्टीत. खालचं तिला आधीचं वाटलं, बाभळीच्या काट्याचं. ते सोपं म्हणून तिनं आधी तेच घेतलं आणि सुईत दोरा ओवला. मी आतून आक्रोश करत होतो. नको बाई, नको. कापड ताणून धरायला तिनं घेर वर दुमडला, आणि खालचं भोक बरोबर वरच्या भोकावर जाऊन बसलं.

तिची सुई थांबली. तिनं दोन्ही भोकांतून बोट घातलं. ते आरपार गेलं. "वच्छलाबाई," ती म्हणाली, "पट्टी वर व्हती. तुमचं लेकरू झोपलं व्हतं. झोपलेल्याला मारलं त्यानं."

वच्छलाबाईनं तोंडात पदर कोंबला आणि भिंतीवर डोकं आपटलं. हजराबीनं तिला आवरलं आणि रामाकडं दवाखान्यात जाऊन बसायला सांगितलं.

त्रिंबकला वास कसा लागला कोण जाणे. वच्छलाबाई गेली आणि तो दोन माणसं घेऊन दुकानात शिरला. हजराबीनं मला पटकन बुडाखाली घेतलं.

"ए खाला, तो लाल कपडा कुठंय?"

"धुवायला टाकला."

"खोटं बोलू नको बे." त्यानं शिलाई मशीन उचलून जमिनीवर आपटलं. कपाट पाडलं, लोकांचे शिवायला आलेले कपडे बुटाखाली तुडवले. हजराबी जागची हलली नाही. तेव्हा त्यानं तिचा उजवा हात लाकडी पाटावर दाबला आणि त्यावर लोखंडी इस्त्री घातली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बोटं मोडल्याचा आवाज मला तिच्याखाली ऐकू येत होता. ती किंचाळली, पण उठली नाही. लोक जमायला लागले तसे ते निघाले. "जाळून टाक तो. न्हाई तर दुकान जाळीन," जाता जाता त्रिंबक म्हणाला.

मग तिनं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. दवाखान्यात मला पुढून कापलं होतं, त्यामुळं तिनं मला डाव्या हातानं अंगावर चढवलं. त्याच बाईनं, जिला मी कफनासारखा दिसलो होतो. वरून बुरखा घातला आणि मोडलेला हात पोटाशी धरून बाहेर पडली. चौकात त्रिंबकची माणसं उभी होती, ती त्यांच्यासमोरून चालत गेली. तिचं काळीज धडधडत होतं ते माझ्याच अंगावर आदळत होतं. थेट पोलीस ठाण्यात जाऊन तिनं बुरखा वर केला आणि म्हणाली, "हा घ्या. मी ह्याला टाका घातलेला न्हाई."

तिथून खरा खटला उभा राहिला. त्रिंबक आत गेला, विजयसिंह जामिनावर सुटला. हजराबीच्या बोटांत आता सुई धरवत नाही. राम जिना चढला तरी त्याला धाप लागते, भरती राहिली बाजूलाच. आणि एवढं होऊनही तो गप्पच होता. मला त्याचा राग यायचा, खरं सांगतो. एका म्हातारीनं हात मोडून घेतला, आणि तू अजून मेल्याचं सोंग करतोस?

गेल्या तारखेला माझा शिक्का फोडला. विजयसिंहाचा वकील म्हणाला, दोन भोकं म्हणजे दोन निरनिराळे प्रसंग, खालचं काट्याचं. साक्षीच्या पिंजऱ्यात राम उभा होता. त्यानं समोर बसलेल्या हजराबीकडं पाहिलं. तिचा वाकडा हात मांडीवर होता. "साहेब, मी घालून दाखवू का?" रामानं न्यायाधीशांना विचारलं. ते हो म्हणाले.

किती दिवसांनी मी त्याच्या अंगात गेलो! हाडं लागत होती. तो कोर्टाच्या फरशीवर पालथा झोपला, हात मागं नेला, माझा घेर डोक्यावर घेतला. पिवळी पट्टी वर आली. दोन्ही भोकं एकमेकांवर बसली आणि त्यांच्या बरोबर खाली रामाच्या पाठीवरचा व्रण. सगळ्या कोर्टानं मान पुढं करून पाहिलं. आणि माझ्या आतल्या त्या अंधारातून राम बोलला.

"मी असाच पडलो व्हतो. पट्टी वर व्हती. त्यो येऊन थांबला, फोम फाडला आन् मंग मारलं. मला सगळं आठवतंय."

वच्छलाबाई मोठ्यानं रडायला लागली. हजराबीनं डोळे मिटले. मीही रडलो असतो, पण मला ओलं व्हायची आता भीती वाटते.

निकाल अजून यायचाय. तो लागला की मुद्देमाल नष्ट करा, असा हुकूम निघतो, हे मला इथल्या जुन्या गाठोड्यांकडून कळलंय. म्हणजे रामाला न्याय मिळेल त्याच सुमाराला मला जाळतील. जाळा. शिपायाला मरणाचं काय? फक्त तोवर दया येऊन कुणी मला धुवायला घेऊ नका, शिवायला घेऊ नका. ही दोन भोकं मी जिवापाड जपलीयेत. ती तेवढी उघडी राहू द्या.