इंदाचं गाव

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून बिबीजान बोलल्याच नव्हत्या. उजवा हात थोडा हलायला लागला, पेज घशाखाली उतरू लागली, पण तोंडातून शब्द काही फुटेना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांच्याशी बोलत राहा. म्हणून सून अस्मा दिवसभर काहीबाही बोलत राहायची आणि उत्तर आलं नाही की स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

एका दुपारी माळेगावहून द्वारकाबाई भेटायला आल्या. दोघी मैत्रिणी इंदापुरात एकाच आळीत वाढलेल्या. लग्न करून द्वारकाबाई माळेगावला गेल्या, बिबीजान गावातच नांदल्या.

द्वारकाबाईंनी मैत्रिणीचा हात हातात घेतला. मग अस्माकडे वळून म्हणाल्या, "पोरी, ह्या गावाला इंदापूर का म्हणत्यात, ठावं हाय का?"

हे आत्ता कशाला, असं अस्माला वाटलं. "न्हाय, मावशी."

"इंद्रावरनं. हितं इंद्रेश्वराचं देऊळ न्हाय का? इंद्राचं ते इंदापूर."

बिबीजानच्या कपाळाला आठी पडली. ओठ थरथरले.

"न्हाय."

अस्माच्या हातातला पेला हातातच राहिला.

"मग कुणाचं, गं?" द्वारकाबाईंनी मुद्दाम दटावून विचारलं.

"इं... इंदाचं."

द्वारकाबाईंचे डोळे भरून आले. "बघ, अजून हेका सोडत न्हाय," त्या अस्माला म्हणाल्या. "मी म्हणायची इंद्र, ही म्हणायची इंदा नावाची बाई हुती. हिच्या अब्बांनी सांगितलेलं. त्यावरनं भांडून आमी अबोला धरायचो."

"पण कोण होती ती इंदा?"

"ते मी कधी इचारलंच न्हाय," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "हिचं म्हणणं खोडूनच काढत आले." त्या उशाशी वाकल्या. "बिबे, कोण गं हुती इंदा?"

बिबीजाननं डोळे मिटले. "पाणी... द्यायची."

"कुणाला?"

"वाट... वाटसरास्नी."

अस्मानं दुकानात असलेल्या नवऱ्याला, सिकंदरला, फोन लावला. त्याला आईचा आवाज ऐकू जावा म्हणून तिनं फोन खाटेजवळ धरला. पलीकडून सिकंदर "काय झालं, अस्मा?" असं विचारत राहिला. इकडे बिबीजान पुढचा शब्द शोधत होत्या, आणि द्वारकाबाई त्यांच्या तळहातावरून अंगठा फिरवत म्हणत होत्या, "सांग सावकाश. मी बसलीया."