विल्मरसाठी वर्षाची गाणी

डिसेंबरमधल्या एका रविवारी सकाळी साडेसहा वाजता रेडिओवर बातमी आली: बंडखोरांनी पोलीस हवालदार हेर्नेय ओस्पिना याला दक्षिणेकडच्या एका नदीकाठी सोडून दिलं. एकट्यालाच. अशक्त आहे, पण स्वतःच्या पायांनी चालत आला. बाकीच्या कैद्यांबद्दल काही सांगितलं नाही.

आर्सेसियो रेंतेरियाने हातातला बूट खाली ठेवला. काली शहराच्या ओब्रेरो वस्तीत त्याचं चपला-बूट शिवण्याचं दुकान होतं. दुकान पुढे, घर मागे. त्याचा एकुलता मुलगा विल्मर हेर्नेयच्याच चौकीवर होता. बंडखोरांनी चौकी जाळली तेव्हा दोघांना एकाच दोरीने बांधून रानात नेलं, त्याला चार वर्षं होत आली होती.

मागच्या खोलीतून त्याची मेहुणी एदिल्मा केस पुसत बाहेर आली. "भाऊजी, ऐकलंत? ओस्पिनांचा हेर्नेय सुटला."

"ऐकलं."

"मग बसलात काय असे? हा तर आपल्या पोराबरोबरच होता."

"म्हणूनच बसलोय," आर्सेसियो म्हणाला.

रानातल्या कैद्यांसाठी शहरातल्या एका रेडिओ केंद्रावर दर रविवारी पहाटे निरोपांचा कार्यक्रम असे. घरची माणसं अंधारातच येऊन रांग लावत. लुस दारी नावाची निवेदिका एकेकाला आत घेई आणि जो तो मायक्रोफोनसमोर आपल्या माणसाशी बोले. उत्तर येत नसे, तरी प्रत्येकजण प्रश्नच विचारत असे. जेवलास का? ताप उतरला का? वर्षाच्या शेवटच्या रविवारी मात्र लुस दारी प्रत्येक घराला पाव तास देई, आणि आर्सेसियोने पहिल्याच वर्षापासून तो पाव तास गाण्यांना दिला होता. त्या वर्षात निघालेली नवी गाणी, त्याने स्वतः ऐकून, पारखून निवडलेली. पोरगा सुटून आला आणि नाचायला उभा राहिला तर गाणं अनोळखी वाटायला नको, एवढाच त्याचा हिशेब.

हे त्याला सोपं नव्हतं. कालीत गाण्याचे दर्दी गल्लोगल्ली सापडतात, पण ते जुन्या तबकड्यांचे दर्दी. आर्सेसियो त्यांच्यातलाच एक. तरुणपणी ज्यांवर नाचला त्या गाण्यांपुढे काही निघालं असेल, हे त्याच्या मित्रमंडळींना मान्यच नव्हतं. शनिवारी कोपऱ्यावरच्या बारमध्ये ही मंडळी आपापल्या तबकड्या काखोटीला मारून जमत आणि त्याची टिंगल करत.

"आला बघा! काय रे, कान कुणाला भाड्याने दिलेत म्हणे?"

"यंदा कोणतं कार्टं निवडलंस? ते दात घासत गातं ते का?"

आर्सेसियो हसून घेई आणि सोमवारी पुन्हा टाके घालता घालता नवी गाणी ऐके. नाचाचा सालसा आणि अकॉर्डियनवरचं वायेनातो तर त्याच्या ओळखीचंच. पण तो राजधानीतल्या पोरांचा रॉक ऐके, दारूच्या गुत्त्यांतली रडगाणी ऐके, समुद्राकडचं, लाकडी पट्ट्यांची मारिंबा वाजवत गायलं जाणारं कुरुलाव ऐके. आणि ज्याने त्याचं डोकं दुखे ते धडधडत्या ठेक्याचं रेगेटोनसुद्धा ऐके, कारण विल्मरला तेच आवडायचं.

हेर्नेय नाताळच्या आधी भेटायला आला. इस्पितळाने दिलेले कपडे त्याच्या अंगावर लोंबत होते. एदिल्माने गुळाचं गरम पाणी आणि चीजचे गोल पाव पुढे ठेवले. त्याने एक पाव हातात घेतला आणि नुसताच धरून बसला.

"गरम आहे," तो म्हणाला. "काका, विल्मर मार्चपर्यंत माझ्याबरोबर होता. मग त्यांनी आमची टोळी फोडली. तोवर बरा होता. पायाला जखम होती, भरली. दाढी वाढवलीय. चांगली दिसत नाही त्याला."

एदिल्मा हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली.

"गाणी ऐकली का त्याने?" आर्सेसियोने विचारलं.

हेर्नेयने पाव खाली ठेवला. "काका, खरं सांगू?"

"मग काय खोटं सांगायला एवढ्या लांबून आलास?"

"आमच्यात पाच जणांत एक रेडिओ. बॅटऱ्या कधी मिळायच्या, कधी महिनोन् महिने नाही. संपल्या की पाण्यात उकळायच्या, म्हणजे थोडा जीव यायचा. म्हणून आमचा एक नियम होता. माणूस बोलतोय तोवर रेडिओ चालू. गाणं लागलं की बंद. गाण्यासाठी बॅटरी जाळायची नाही. विल्मरनेच केला होता तो नियम."

आर्सेसियोने पाव पुन्हा त्याच्यापुढे सरकवला.

"तुम्ही सुरुवातीला नावं सांगायचात ना, हे रॉक, हे वायेनातो, हे अमुक, तेवढं आम्ही ऐकायचो. सूर सुरू झाले की खटकन बंद. तुमचा पाव तास गेला असं वाटलं की परत लावायचो. तोवर दुसऱ्या कुणाची तरी आई बोलत असायची."

"म्हणजे शेवटी मी जे बोललो..."

"शेवटी? तुम्ही शेवटी बोलायचात?"

एदिल्माने आर्सेसियोकडे पाहिलं. आर्सेसियो टेबलावरच्या पावाकडे पाहत होता.

त्याची बायको नुबिया आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये गेली. रक्तदाब वाढला, डोक्यातली शीर फुटली, दोन दिवसांत सगळं आटोपलं. ही गोष्ट पोराला रेडिओवरून कशी सांगायची, हे त्याला कळेना. रविवारमागून रविवार तो भाज्यांचे भाव आणि फुटबॉलचे निकाल सांगून परत येत राहिला. शेवटी त्याने ठरवलं की वर्षअखेरीला सांगायचं. आधी गाणी वाजू द्यायची, पोराचं मन जरा हलकं होऊ द्यायचं, मग सांगायचं. तसं सांगितलं. लुस दारीने त्याचा हात धरला होता. त्यानंतर तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. एकदा सांगून झालं होतं, घाव परत उघडायचा कशाला?

"नुबिया काकूंबद्दल विल्मर काय म्हणतो माहितेय?" हेर्नेय म्हणाला. त्याला अजून काही उमगलं नव्हतं. "म्हणतो, आईने शपथ घेतलीय. त्यांचा शेवटचा निरोप मीही ऐकला होता. 'तुला सांगितलं होतं, पोलिसात जाऊ नकोस. ऐकलं नाहीस. आता तू घरी आल्याशिवाय मी तुझ्याशी बोलणार नाही, जा!' आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. तेव्हापासून काकूंचा आवाज नाही. विल्मर म्हणतो, काय हट्टी बाई आहे! बाबासुद्धा तिचं नाव काढत नाहीत, म्हणजे घरात अजून धुमसतंय. म्हणतो, बघूच कोण जिंकतं ते. मी घरी जाऊन दारात उभा राहीन, मग कशी बोलत नाही बघतो. काकू बाहेर गेल्यात का?"

भिंतीवर नुबियाचा फोटो होता आणि त्याच्या खाली पेल्यात लावलेली मेणबत्ती. हेर्नेयने ती आत्ता पाहिली.

त्याने उठून छातीवर क्रूस काढला. मग हेर्नेय हळूच म्हणाला, "एक दाखवू? गाण्यांचं?"

"गाणी ऐकलीच नाहीत म्हणालास ना?"

"ऐकली नाहीत, नावं ऐकली. विल्मर त्या नावांवरून आपली आपणच गाणी करायचा. मागच्या वेळी तुम्ही एक रेगेटोन सांगितलं होतं, 'लिफ्ट बंद आहे'."

"अगं बाई, ते घाणेरडं?" एदिल्मा म्हणाली. "लिफ्टमध्ये काय काय चालतं ते?"

"आम्हाला काय माहीत, मावशी! आमच्यासाठी नुसतं नावच." हेर्नेयने डोळे मिटले आणि फाटक्या आवाजात गायला लागला. चाल संथ होती, मूल निजवताना म्हणावी तशी.

"लिफ्ट बंद आहे, आई, जिन्याने येतो. मजले फार आहेत, मध्ये बसत येतो. उशीर होईल, ताट झाकून ठेव."

"संध्याकाळी आम्हाला साखळीने बांधलं की सगळे हेच म्हणायचो," तो म्हणाला. "पहाऱ्यावरची पोरंसुद्धा गुणगुणायची."

आर्सेसियोने त्याला पुन्हा गायला लावलं, आणि पुन्हा. चाल मनात पक्की बसली, तेव्हाच त्याने त्याला जाऊ दिलं.

नाताळ गेला. गल्लीत वर्षअखेरच्या मेळ्याची गर्दी होती, घरोघरी ढोल वाजत होते. एदिल्मा आणि आर्सेसियो स्वयंपाकघरात भांडत होते.

"सांगायचं नाही," एदिल्मा म्हणाली. "तो त्या रागावर जगतोय, भाऊजी. आई रागावलीय म्हणजे आई आहे. तिला बोलतं करायचंय म्हणून घरी यायचंय. तुम्ही ती दोरीच कापायला निघालात."

"अन् तो घरी येऊन दारात उभा राहिला, की मग?"

"मग आपण असू ना धरायला! तिथे कोण धरेल?"

"दीड वर्ष तो तिला हट्टी म्हणतोय, एदिल्मा. हट्टी म्हणतोय, आणि ती त्या खणात आहे." कालीत माणसाला पुरतात ते बरेचदा भिंतीतल्या खणातच.

"हट्टी तर होतीच. माझीच बहीण ती."

"ती रागावून गेली नाही. हे त्याला कुणी सांगायचं?"

त्याने हेर्नेयला फोन करून विचारलं. हेर्नेयचे वडील तो कैदेत असताना वारले होते. ते त्याला विमानातून उतरल्यावर कळलं, छायाचित्रकारांच्या समोर. हेर्नेय म्हणाला, "काका, तिथे कळलं असतं तर मी उठलो नसतो. पण इथे कळलं तेव्हा असं वाटलं, की इतके दिवस मी एकटाच येड्यासारखा बापाशी बोलत होतो. मला काय विचारता? मला नाही माहीत."

वर्षाच्या शेवटच्या रविवारी पहाटे आर्सेसियोची पाळी आली. लुस दारीने त्याने निवडलेली गाणी लावून तयार ठेवली होती. तिने मायक्रोफोन त्याच्याकडे सरकवला.

"गाणी लावू नकोस," तो म्हणाला.

"एकही नको?"

"नको. बॅटरी संपते."

लाल दिवा लागला. आर्सेसियोने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"विल्मर, बाबा बोलतोय. आज गाणं वाजणार नाही. रेडिओ बंद करू नकोस. हेर्नेय घरी पोचला. त्याने आम्हाला सगळं सांगितलं." काचेपलीकडे रांगेतली माणसं त्याच्याकडे पाहत होती. "तुझी आई गेली, बाळा. गेल्या वर्षी, ऑगस्टमध्ये. तेव्हाही सांगितलं होतं मी, पण गाण्यांच्या मागून सांगितलं, तुला ऐकू आलं नाही. चूक माझी. ती रागावली नव्हती. त्या रविवारी इथून बाहेर पडली आणि रस्त्यातच म्हणाली, उगाच बोलले, पुढच्या वेळी गोड बोलीन. तिला पुढची वेळ मिळाली नाही. तेवढंच."

मग तो घसा साफ करून गायला लागला. "लिफ्ट बंद आहे, आई, जिन्याने येतो." त्याचा आवाज गाण्याचा नव्हता. सूर दोनदा निसटला, पण चाल तीच होती. तीन ओळी संपवून तो म्हणाला, "हे गेल्या वर्षीचं. आता या वर्षीची नावं घे. सालसा: 'शेजारणीची शिडी'. वायेनातो: 'सायकल विकली तो दिवस'. रॉक: 'मागच्या खोलीत पाऊस'. गुत्त्यातलं: 'पेल्यातला बर्फ'. रेगेटोन: 'आवाज वाढव'. आणि समुद्राकडचं कुरुलाव: 'भरती येईपर्यंत थांब'. हे मला सगळ्यांत आवडलं. कसं आहे ते सांगत नाही. चाल तू लाव."

उरलेला वेळ त्याने विल्मरला चाल लावायला मोकळा सोडला. लुस दारीनेही मध्ये शब्द टाकला नाही. नंतर रांगेतली पुढची बाई आत आली.

एदिल्मा त्यानंतर कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. हेर्नेय दर आठवड्याला फोन करी. शनिवारच्या मंडळींनी आर्सेसियोला बारमध्ये बोलावून घेतलं आणि त्या दिवशी कुणी टिंगल केली नाही. त्याला ते जास्त जड गेलं.

मार्चमध्ये दक्षिणेकडच्या एका नदीवर केळी वाहून नेणारा एक नावाडी गावच्या पाद्र्याकडे गेला. पाद्र्याने रेडिओ केंद्राला फोन केला आणि लुस दारीने आर्सेसियोला. एका वळणावर इंजिन बंद पडलं, म्हणून नावाडी काठाला थांबला होता. झाडीतून एक माणूस गात असल्याचं त्याला ऐकू आलं. दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं. शब्दांतली एकच ओळ नावाड्याच्या लक्षात राहिली होती: भरती येईपर्यंत थांब. तो स्वतः समुद्राकडचा, ते कुरुलाव त्याच्या गावात लग्नांत वाजतं. त्या ओळीचे शब्द तेच होते, पण चाल ती नव्हती, असं तो म्हणाला. संथ होती.

गाणारा त्याने पाहिला नाही. तो विल्मर होता, की विल्मरकडून गाणं शिकलेला दुसरा कुणी, हे कळलेलं नाही. गाण्यांची नावं ज्याच्या कानावर पडली त्याच्या कानावर त्याआधीची आईबद्दलची वाक्यंही पडली होती का, की रेडिओ उशिरा लावला होता, हेही कळलेलं नाही. आर्सेसियोने नावाड्याला निरोप धाडला आहे: चाल आठवत असेल तर कुणाला तरी गाऊन दाखव. नदीला पाणी वाढलं आहे. तिकडून अजून होडी आलेली नाही.