मला आता कुणी अंथरत नाही

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. कानडी मुलखातल्या जे. पी. नगरमधल्या एका संस्थेत कपाटामागे गुंडाळून उभी केलेली. माझ्या निळ्या पट्ट्यांचं विणणाऱ्याला फार कौतुक होतं. आता तिथं कोळ्यांचा संसार आहे.

एके काळी मला दर शनिवारी अंथरत. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करणाऱ्या ताया माझ्यावर गोल करून बसत. नियम एकच. लोकांचं काय चुकलं ते सांगायचं नाही. मी काय केलं आणि का केलं, तेवढंच सांगायचं.

एकदा राजलक्ष्मीअक्का मान खाली घालून म्हणाली, "कस्तुराबाईंच्या घरी मराठी ऐकली अन् मी विरघळलेच. आपलीच माणसं म्हणून बसून उप्पीट खाल्लं. मुलाच्या देखत विचारलं, आजी, जेवायला मिळतं ना? ती बिचारी काय बोलणार?"

कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. "मग आता काय करशील?" एवढंच विचारलं. मुलगा कामावर गेल्यावर अक्का पुन्हा गेली. आजीनं तिचा हात धरून भात मागितला. पुढं आजी देवनहळ्ळीला भाचीकडे सुखानं राहिली. माझ्या जन्माचं सार्थक झालं.

मग नवे साहेब आले. "बसून बोलण्यात वेळ जातो. भेटी वाढवा," म्हणाले. "सरी सर, बरं सर," म्हणत सगळ्या उठल्या. मी गुंडाळले गेले. अक्का निवृत्त झाली आणि तिचं शहाणपण तिच्याबरोबरच घरी गेलं.

यंदा हर्षिता आली. गुणी पोर. शारदाबाईंच्या घरून हसत परतली. "किती गोड मराठी बोलतात! मुलगा तर स्वल्प कॉफी घ्याच म्हणून बसला. त्याच्यासमोरच आजी म्हणाल्या, सगळं बरं आहे."

माझा धागा न् धागा ओरडला. पण सतरंजीचं कोण ऐकतो?

महिन्याभरात शारदाबाई गेल्या. पोटात अन्न नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. हर्षिता माझ्याशेजारी भिंतीला टेकून हमसाहमशी रडली.

"सर, एकदा सगळे बसू या का? माझं कुठं चुकलं ते मला कळायला हवं."

"तुझं काही चुकलं नाही, बाळ," साहेब मायेनं म्हणाले. "त्यांचं नशीब. पुढच्या भेटीला जा."

मित्रांनो, चुकलेल्या माणसाची नुसती समजूत घालू नका. घटकाभर त्याच्याजवळ बसा. मला नाही तर दुसरं काही अंथरा, पण बसा.

हर्षितानं डोळे पुसले आणि फोन लावला. पलीकडे आणखी एक मराठी घर होतं.

"आजींचा मुलगा घरी आहे ना?" तिनं अदबीनं विचारलं. "मग आत्ताच येते."