माहेरी नोंदलेली वजनं

गरोदर स्त्रियांच्या तपासणीसाठी तालुक्याला वर्षभर एकच जादा परिचारिका मिळणार होती. ती कोणत्या गावाला द्यायची, हे पुराव्यानेच ठरायचे होते. तालुका आरोग्य कार्यालयातल्या मोनिकाने सहा महिने बाळांची जन्मवजनं गावनिहाय मांडली. रकान्यांवर डोळे ठेवून ठेवून तिच्या संध्याकाळींचाही रंग करडा झाला होता. उत्तर मात्र स्वच्छ आले : खडकाळवाडी. अकरा बाळं अडीच किलोच्या खाली. माळावरच्या मेंढपाळांच्या वस्तीपुढे शून्य.

त्या नावाला मंजुरीही मिळाली होती. अंतिम यादी पाठवण्यापूर्वी खातरजमा करावी म्हणून ती दुपारी वाडीत आली. गावच्या आशा कार्यकर्त्या धुरपताबाईंनी रजिस्टर पुढे सरकवले.

"या अकराजणींना भेटता येईल?"

"आता कुठल्या भेटत्यात? गेल्या नांदायला."

"म्हणजे त्या इथल्या नव्हेत?"

"लेकी इथल्याच की. पहिलं बाळंतपण माहेरात, मॅडम. सातव्यात येत्यात, हाडं घिऊन. तवर मेंढरामागं वणवण. दोन म्हैन्यांत म्या काय जादू करू? मिटिंगीत बोलणी मातर म्याच खायची!"

"सासर कुठलं त्यांचं?"

"नऊ जणींचं त्या माळावरच. तिथं बाळंत कोण हुतंय? माझी लेक शिवांजलीबी तिथंच हाय. चौथा म्हैना चाललाय."

मोनिकाने रजिस्टरातल्या अकरा नावांवरून पुन्हा बोट फिरवले. सहा महिन्यांचे काम तिने नेमके उलटे वाचले होते. ज्या गावाने उपाशी लेकी पोटाशी घेतल्या, तेच आजारी ठरले होते.

तिने तिच्या वरिष्ठांना, रणधीर सरांना, फोन लावला.

"यादी फिरवली तर फेरमंजुरी लागेल," ते म्हणाले. "दोन-तीन महिने सहज जातील. खडकाळवाडी ठेवलीत, तर सोमवारी परिचारिका हजर. पाचपर्यंत कळवा. अन् मोनिकाबाई, मी पण दमलोय."

सोमवारी परिचारिका येईल, आणि रिकाम्या अंगणांतून वजनकाटा घेऊन फिरेल.

"धुरपताबाई, एकेकीचं सासर सांगा. सावकाश."

नावामागून नाव उतरत गेले. पाचला दहा मिनिटे असताना मोनिकाने नवी यादी पाठवली. वर माळावरची वस्ती होती.

"कधी यील मग नर्सबाई?"

"तीन महिने तरी."

धुरपताबाईंनी बोटांवर मोजले. "तवर सातवा लागून शिवांजलीच हितं यील," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.