आगाऊ दिलगिरी

कंपनीत त्यांना खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. शिपायापासून कंपनीच्या प्रमुख मॅडमपर्यंत सगळे म्हणत, दिलगीरराव. अकरा वर्षं हा गृहस्थ कंपनीच्या वतीने दिलगिरी व्यक्त करत होता, आणि ती इतक्या सफाईने करायचा की वाचणाऱ्याला वाटावं, चूक बहुधा आपलीच असणार.

कंपनी लाइव्ह व्हिडिओची. लोक घरी बसून कॅमेऱ्यापुढे काहीबाही करायचे, कुणी गेम खेळायचं, कुणी चक्क झोपायचं, आणि लाखो माणसं ते डोळे फाडून बघायची. वर्षातून एकदा या कलाकारांना आणि त्यांच्या चाहत्यांना तीन दिवस एका छपराखाली कोंडायचं, याला मेळावा म्हणत. चाहत्याने रांगेत उभं राहायचं, टेबलापाशी पोचायचं, आवडत्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढायचा. खांद्याला खांदा लावणाऱ्यांत कोण कसा निघेल, याची चिंता करायला कंपनीत एक समिती होती. ती समिती चहा उत्तम प्यायची.

दिलगीररावांचं काम मात्र चोख. कंपनीचा नियमच होता की काही विपरीत घडलं तर अर्ध्या तासात निवेदन बाहेर पडलं पाहिजे. आता घडल्यावर लिहायला बसलं की मंजुरीसाठी मॅडम सापडत नाहीत, हा अनुभव. म्हणून दिलगीरराव मेळाव्याच्या आधीच तीन निवेदनं लिहून ठेवायचे, हलकं, मध्यम आणि भारी. हलकं म्हणजे कुणी घसरून पडलं. भारी म्हणजे काय, ते मोठ्याने बोलत नसत. मंजुरीही आधीच घेऊन ठेवायची. काही घडलं नाही तर मजकूर पुसून टाकायचा.

गेल्या वर्षी मात्र घोटाळा झाला होता. रिकाम्या जागा भरायच्या राहिल्या आणि ‘आज दुपारी टिंब टिंब वाजता टिंब टिंब यांच्याबाबत घडलेल्या प्रकाराने आम्ही व्यथित आहोत’ असं निवेदन जगजाहीर झालं. लोकांनी आठवडाभर हसून घेतलं. ते दिलगीररावांच्या फार जिव्हारी लागलं. यंदा एकही जागा रिकामी ठेवायची नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि भारी निवेदनासाठी तक्रारींची फाइल मागवली.

फाइलमध्ये स्क्रूताईच्या चार तक्रारी होत्या. ही मुलगी बिघडलेले मिक्सर, पंखे, इस्त्र्या कॅमेऱ्यापुढे उघडायची, आतला कारभार बघून बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि वस्तू दुरुस्त करून दाखवायची. मागे खाटेवर तिची आई बसलेली. तिचे शेरे वेगळे. पहिली तक्रार अशी की एक माणूस रोज कळवतो, आज तुझ्या खिडकीला कुठल्या रंगाचा पडदा आहे. दुसरी, त्याने दारात मोडकी इस्त्री आणून ठेवली, सोबत चिठ्ठी, ‘ही नीट कर, मग आपण बोलू.’ तिसरी, त्याने मेळाव्याचं तिकीट काढलं आणि तिकिटाचा फोटो तिलाच पाठवला. चौथीत त्याचा निरोपच जोडला होता. ‘तीन वाजता तुझ्या टेबलाशी येतो. या वेळी मध्ये काच नसेल.’

चारही तक्रारींना कंपनीचं उत्तर एकच. तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया आमच्या सेवेला पाचपैकी गुण द्या.

समितीने शेरा मारला होता, जोखीम मध्यम. टेबलापाशी एक रखवालदार उभा करा, एवढंच पोरीचं मागणं. त्यावर मॅडमनी लिहिलं होतं, ‘फोटोत बरं दिसत नाही. चाहत्यांना परकं वाटतं.’ आणि रखवालदार शिल्लक तरी कुठे होते? गेल्या वर्षी कापडी बाहुल्या चोरीला गेल्या, म्हणून सगळे बाहुल्यांच्या दुकानापाशी लावलेले.

दिलगीररावांनी चौथी तक्रार दोनदा वाचली. पण हात लिहायला सरावलेला. माणूस ठाऊक, वेळ ठाऊक, टेबलांच्या नव्या यादीमुळे जागाही ठाऊक, रिकामी जागा उरतेच कुठे? त्यांनी झकास निवेदन लिहिलं. ‘आज दुपारी तीन वाजता चौथ्या टेबलापाशी स्क्रूताई यांच्यावर, त्यांनी पूर्वी तक्रार केलेल्या व्यक्तीकडून झालेल्या हल्ल्याने आम्ही हादरून गेलो आहोत. कलाकारांची सुरक्षा हा आमचा श्वास आहे.’ श्वास हा शब्द त्यांना स्वतःलाच आवडला. मग त्यांनी ते मंजुरीला पाठवलं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी मॅडमपुढे चाळीस गोष्टी मंजुरीला पडल्या होत्या. फुगे, पाण्याच्या बाटल्या, कुणाच्या तरी कुत्र्याला प्रवेश. मॅडम काही वाचत नसत, नुसतं बोट मारत सुटत. ‘मंजूर’ आणि ‘मंजूर करून लगेच प्रसिद्ध करा’ ही दोन बटणं शेजारी शेजारी. अकरा वाजता भारी निवेदनाच्या वेळी त्यांचं बोट पलीकडच्या बटणावर पडलं.

सभागृहात एकदम हजारभर फोन किणकिणले. मग कुणीतरी म्हणालं, “अरे, पण आत्ता तर अकराच वाजलेत!”

पाच मिनिटांत मॅडम दिलगीररावांच्या टेबलाशी. तोंडचं पाणी पळालेलं.

“हे काय लिहून ठेवलंत तुम्ही?”

“जे होऊ शकतं ते. तुम्हीच मंजूर केलंत, मॅडम.”

“मी काय सगळं वाचत बसू? आता लगेच दुसरं लिहा. तांत्रिक चुकीने नमुन्याचा मजकूर गेला, कोणाही व्यक्तीशी संबंध आढळल्यास योगायोग समजावा. खेद वगैरे टाका. कार्यक्रम ठरल्या वेळी होईल, हे ठळक.”

दिलगीररावांनी लिहायला घेतलंच होतं, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. स्क्रूताई आणि तिच्या पुढे तिची आई. आईच्या हातात फोन असा धरलेला, की जणू मेलेलं झुरळ.

“कोण आहे तो लिहिणारा?”

दिलगीरराव उभे राहिले.

“माझ्या मुलीवर तीन वाजता हल्ला होणार, हे तुम्हाला ठाऊक. तुमच्या बाईंना ठाऊक. आणि आम्ही सकाळपासून केस विंचरून, नटून थटून बसलोय होय?”

“आई, थांब गं,” स्क्रूताई म्हणाली. आवाज कापत होता, तरी जीभ शाबूत होती. “मला तर सातवं टेबल सांगितलं होतं. चौथ्यावर कधी हलवलंत? की मार खायला जागा बदलून दिलीत?”

“तो नुसता नमुना आहे, बाळ,” मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. “तू बिनधास्त बस. काही होत नाही.”

“मग शेजारच्या खुर्चीवर तुम्ही बसा,” आई म्हणाली.

मॅडम काही बोलणार इतक्यात फोन वाजला. विमा कंपनीचे गृहस्थ होते. मॅडमनी घाईत तो स्पीकरवर घेतला.

“निवेदन वाचलं,” गृहस्थ शांतपणे म्हणाले. “एकच विचारायचंय. हे मनाने रचलेलं आहे, की तुमच्याकडे लेखी काही आहे? लेखी असून बंदोबस्त केला नसेल तर आमची जबाबदारी नाही. पुढे जे होईल ते तुमचं तुम्ही बघा.”

मॅडमनी दिलगीररावांकडे पाहून नकारार्थी मान हलवली. आवाज न करता नुसते ओठ हलवले, नमुना.

अकरा वर्षांत दिलगीरराव अशा खुणेला कधी चुकले नव्हते. मुलाचं शिक्षण चालू होतं, नोकरी हवी होती. त्यांनी स्क्रूताईकडे पाहिलं. पोरीने आईच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं आणि तिला त्याचं भानही नव्हतं. दिलगीररावांना स्वतःची लाज वाटली. श्वास हा शब्द आपल्याला आवडला होता, याची तर फारच वाटली.

“फाइल आहे,” ते फोनकडे वाकून म्हणाले. “चार तक्रारी. तारखांसकट. मी स्वतः वाचल्यात, आणि मॅडमचा शेराही आहे.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

चार तक्रारींनी जे झालं नाही ते त्या एका फोनने झालं. पाव तासात बाहुल्या वाऱ्यावर सोडून सगळे रखवालदार धावत आले. दोन फाटकाशी, दोन टेबलाशी, एक उगाच दिलगीररावांशेजारी. तिकिटांच्या यादीतून त्या माणसाचं नाव काढलं. इतके दिवस ते काढता येत नाही म्हणून सांगत होते.

तीनला वीस मिनिटं कमी असताना तो फाटकावर सापडला. नीटनेटका, भांग पाडलेला, साधा. “मी काय केलं? मी तिकीट काढलंय,” असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्या पिशवीत दोरी होती, चिकटपट्टीचं जाड भेंडोळं होतं आणि एक सुरा होता, नवा, पुठ्ठ्यातून न काढलेला.

तासाभरात मॅडमनी स्वतः निवेदन काढलं. कंपनीच्या पूर्वसूचना यंत्रणेने वेळीच धोका ओळखल्याचा त्यांना अभिमान वाटत होता. दिलगीररावांना सोमवारी कागदपत्रं घेऊन भेटायला सांगितलं होतं. कशासाठी, ते विचारायची गरज नव्हती.

ते आपला डबा पिशवीत भरत होते, तेव्हा स्क्रूताई आत आली. चेहरा धुतलेला, डोळे लाल.

“काका, तुम्ही खरं बोललात. आई म्हणते, त्यांना नमस्कार करून ये.”

“नको,” दिलगीरराव चटकन म्हणाले. “माझ्या पाया नको पडूस.”

ती दारापर्यंत जाऊन परत वळली. मग म्हणाली, “एक विचारू? मॅडमचं बोट चुकलं नसतं तर?”

अकरा वर्षं प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे एक गुळगुळीत वाक्य तयार असे. आज त्यांनी ते बाजूला ठेवलं.

“तर ते निवेदन साडेतीनला गेलं असतं,” ते म्हणाले.