भीमराजने मातीला हात लावला

ऋतिका मोबाइलवर कबड्डीपटूंचा लिलाव बघत होती. एकेका खेळाडूचा निकाल दोन मिनिटांत लागत होता. शेजारी वाटाणे सोलत बसलेल्या सुलक्षणाआजी म्हणाल्या, "आम्ही एका भीमराजसाठी सतरा दिवस काढले होते गं."

ते साल शहाऐंशी. भीमराज चेंबूरचा, वय एकवीस. चढाईला गेला की समोरच्या सातही जणांना घाम फोडायचा. तो आपलं मंडळ सोडणार अशी बातमी फुटली आणि खारदांड्यापासून मुलुंडपर्यंत सगळे त्याच्या मागे लागले. सुलक्षणा राहायची त्या घाटकोपरच्या भटवाडीतलं मंडळही लागलं. पण मंडळात फोन कुणाकडेच नव्हता. सुलक्षणा विक्रोळीच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती, म्हणून भीमराजला नंबर दिला तो तिथला.

मग काय! रोज साडेपाचला कारखान्याच्या गेटवर मंडळातले पाच-सहा जण हजर.

"वहिनी, आला फोन?"

"नाही रे."

"लाइन चालू आहे ना पण?"

"मग दिवसभर काय बंद लाइनवर हॅलो हॅलो करते मी?"

कुणी भीमराजला मुलुंडला मिसळ खाताना बघितलेलं असे, कुणी खारदांड्याच्या कार्यवाहाच्या स्कूटरवर. संध्याकाळच्या पेपरात दोन ओळी आल्या की ते कात्रण मंडळाच्या फळ्यावर लागे आणि त्याखाली भांडणं जुंपत.

सगळ्यांत जास्त धावपळ नानाची. नाना म्हणजे सुलक्षणाचा नवरा. सोळा वर्षं मंडळाकडून खेळत होता. आता वय छत्तीस आणि उजवा गुडघा कुरकुरणारा. "एवढा एक मोसम खेळतो," त्याने तिला सांगून ठेवलं होतं. "गंधालीला आता समजतंय. तिने बापाला एकदा मैदानात बघितलं की थांबलो."

एका रविवारी भीमराज मैदान बघायला आला. नानाने आदल्या दिवशी स्वतः माती चाळून पाणी मारलं होतं. भीमराजने रेषेबाहेर चपला काढल्या, आत पाऊल टाकलं, वाकून मातीला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

"माती घेतली रे पोराने! आपला झाला!" मंडळाचा कार्यवाह चंद्रप्रकाश ओरडला. लगेच पेढे आले. भीमराजने लाजत एक खाल्ला, "कळवतो" म्हणाला आणि गेला. ते "कळवतो" पेढ्यांच्या गडबडीत कुणाच्या कानात शिरलंच नाही.

जिल्हा संघटनेकडे बाराच खेळाडूंची नावं द्यायची होती. भीमराज आला तर कुणाला वगळायचं, हे कुणी बोलेना. शेवटी नानानेच पेन घेतलं आणि स्वतःच्या नावावर रेघ मारली. "चला, गुडघा सुटला एकदाचा," म्हणून मोठ्याने हसला. घरी येऊन त्याने गुडघ्याची पट्टी सुलक्षणाच्या हातात दिली. "फडकं कर हिचं."

यादी द्यायची मुदत पुढच्या शनिवारी सहापर्यंत. त्या दिवशी दुपारी अडीचला सुलक्षणाच्या बोर्डावर दिवा लागला.

"वहिनी, भीमराज बोलतोय. मी मुलुंडला जातोय." त्याचा आवाज पडलेला होता. "तिथले एक जण नोकरीला लावतायत. बाबांची गिरणी बंद पडल्यापासून घरात पगार नाही ओ. नानांना सांगा, रागावू नका म्हणावं."

"रागवायचं काय त्यात? पण मग मातीला हात कशाला लावलास रे?"

पलीकडे तो गोंधळला. "कुठल्याही मैदानात शिरताना लावतोच ना, वहिनी. तुमच्याकडे नाही लावत?"

लावतात की! नाना स्वतः सोळा वर्षं लावत होता. एवढी मोठमोठी माणसं, आणि एकालाही ते आठवू नये!

फोन ठेवला तेव्हा तिला आधी बरं वाटलं. मग गेटवर येणाऱ्यांचे चेहरे आठवले आणि बरं वाटल्याची लाज वाटली. तरी तिने अर्धी रजा टाकली आणि बस पकडून संघटनेची कचेरी गाठली. चंद्रप्रकाश बाहेरच्या बाकावर यादी मांडीवर घेऊन बसला होता, भीमराज सही करायला येईल म्हणून. तिने सांगितलं तसा त्याचा चेहराच उतरला.

"वाट लागली, वहिनी! पोरांना काय तोंड दाखवू मी?"

"ते नंतर दाखव. आधी भीमराजचं नाव काढ आणि नानाचं घाल."

"सही लागते खेळाडूची. नाना कामावरून सहाच्या आत कुठला यायला?"

सुलक्षणाने त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. "रेशनच्या फॉर्मपासून सगळीकडे त्याची सही मीच करते. आण इकडे."

संध्याकाळी मैदानावर सुतक पडलं होतं. कुणी मुलुंडवाल्यांना शिव्या घालत होतं, कुणी उरलेल्या पेढ्यांना. नानाचा आवाज सगळ्यांत मोठा. "असा हिरा हातचा गेला रे!"

"नाना, बारावं नाव तुझंच दिलंय," चंद्रप्रकाश म्हणाला.

नानाने रुमालाने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. "आता काय... नाइलाज आहे," तो शक्य तेवढं तोंड पाडून म्हणाला.

परतताना मात्र तो तिच्यापुढे चार पावलं चालत होता, आणि लंगडत नव्हता. जिन्यापाशी थांबला.

"ती पट्टी... फडकं केलंस की काय गो तिचं?"

"धुऊन ठेवलीय," सुलक्षणा म्हणाली. "माझ्या साड्यांखाली."