गळा वाईट नाही

"थांबवा गाडी. मला उतरायचंय," बाबा म्हणाले आणि त्यांनी सीटबेल्टचं बटण पुन्हा दाबलं.

"आलंच बाबा, थोडंच राहिलंय." तिने एका हाताने स्टीअरिंग सांभाळत दुसऱ्याने पट्टा पुन्हा अडकवला.

रात्रभर वॉर्डात ड्युटी करून ती सकाळी घरी आली होती आणि बाबांजवळ रात्री थांबणाऱ्या बाईला तिने मोकळं केलं होतं. बाबांना आंघोळ घातली, शर्टाची बटणं लावली आणि गणवेशावरच त्यांना घेऊन बाहेर पडली. विसरभोळ्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात त्यांना सोडलं की झोपायला मोकळी. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं.

एरवी हा रस्ता बिनबोभाट सरायचा. स्टीरिओला पेन ड्राइव्ह लावला की बाबा मान डोलावत बसायचे. त्यांची आवडती गाणी धाकट्या भावाने भरून पाठवली होती. येऊन राहणं त्याला जमत नव्हतं, गाणी पाठवणं जमलं. आज मात्र स्टीरिओ मुका होता. सिग्नलला तिने पेन ड्राइव्ह काढला, फुंकर मारली, गणवेशाच्या कडेला पुसला, परत लावला. पडद्यावर तेच: यूएसबी सापडत नाही.

तिने भावाला फोन लावला.

"अगं ताई, दुसरा घे ना. मी पुन्हा भरून देतो."

"ते नंतर रे. आत्ता काय करू? दार उघडायला बघतायत."

"मी मीटिंगमध्ये आहे गं. करतो थोड्या वेळाने."

सिग्नल सुटला. तेवढ्यात बाबांनी खरंच दाराची कडी ओढली. दार किलकिलं झालं. मागचे हॉर्न अंगावर घेत तिने गाडी कशीबशी कडेला लावली आणि वाकून दार ओढून घेतलं.

"क्लास आहे माझा! पोरं येऊन बसली असतील!" बाबांनी पुन्हा कडी धरली. "तुम्ही कोण? मला कुठे नेताय?"

समजावण्याचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. स्टीअरिंगवर कपाळ टेकून ती क्षणभर बसली आणि मग तशीच, घोगऱ्या आवाजात, गायला लागली. पेन ड्राइव्हमधलंच एक, रोज ऐकून पाठ झालेलं.

ती कुणासमोर गात नसे. बाबा घरी गाणं शिकवायचे. लहानपणी तीही एकदा शिष्यांच्या ओळीत जाऊन बसली होती. बाबांनी ऐकून घेतलं आणि न रागावता म्हणाले, "तू अभ्यास कर हो." पुढे धाकट्याला शिकवलं. त्या वेळी ती आत बसून पाढे म्हणायची.

पहिलं कडवं संपेपर्यंत बाबांनी मान तिच्याकडे वळवली होती. कडीवरचा हात खाली आला होता.

"अहो बाई," ते म्हणाले, "सूर खाली जातोय. घाई करू नका. श्वास घ्या आधी."

तिने श्वास घेतला.

"हां. आता म्हणा."

तिने म्हटलं. त्यांनी बोट वर केलं, तशी ती थोडी वर गेली. बोट थांबलं, तिथे थांबली.

"कुणाकडे शिकता?"

"माझे बाबा शिकवतात. गाण्याचेच मास्तर आहेत."

"मग त्यांना सांगा, मुलीकडे जरा लक्ष द्या. गळा वाईट नाही."

"सांगते," ती म्हणाली. आवाज फुटला तो त्यांना खपला नाही.

"पुन्हा. पहिल्यापासून."

तिने गाडी सुरू केली आणि गाणंही. बाबा मांडीवर ताल धरून बसले, चुकलं की जीभ टाळ्याला लावून चुकचुकत होते. केंद्राचं फाटक आलं. मदतनीस बाई चाकाची खुर्ची घेऊन बाहेर येतच होती.

"अंतरा राहिला," बाबा म्हणाले.

तिने मदतनीस बाईला हात केला आणि गाडी न थांबवता पुढच्या वळणाला घातली.